कोरियातल्या रस्त्यांची ऑनलाइन शिकवणी: फी वसूल झाली

एसटीत ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं. लेक कोरियात डेजॉनला संशोधन करते. तीन महिने तिच्याकडे जायचं आहे, म्हणून आर्वीत बसून ही शिकवणी लावली.

सर मनापासून शिकवतात. तिथं गाडी उजवीकडून चालते, एवढं माहीत होतं. पण लाल दिव्यावर उजवीकडे वळताना आधी गाडी पूर्ण थांबवायची, पायी जाणारे पाहायचे, मगच निघायचं, हे त्यांनी चौक काढून दाखवलं. डावीकडे वळायला सहसा हिरवा बाण लागतो. ‘बिबोहो’ अशी निळी पाटी असली तर मात्र साध्या हिरव्यावर, समोरची गाडी जाऊ देऊन वळायचं. एवढ्यातच माझे पैसे फिटले.

शाळेजवळ वेग साधारण ताशी ३० किलोमीटर. माह्या नातवाच्या शाळेसमोरून रेतीचे ट्रक कसे धावतात, तेच डोळ्यासमोर आलं.

तक्रार एकच, उच्चार इंग्रजी अक्षरांत देतात. मी वहीत एकेक पाटी काढून खाली मराठीत लिहिलं: थांबा म्हणजे ‘जंगजी’, वाट द्या म्हणजे ‘यांगबो’. अठरा पानं भरली. संध्याकाळी इकडे रेंज जाते सर, तेवढं रेकॉर्डिंग डाउनलोड होऊ द्या.