ईआरपीनेक्स्ट: मशीन शॉपमधील काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे कास्टिंग मशिनिंगचे युनिट आहे. हिशेब टॅलीवर व्यवस्थित चालले होते. अडचण होती ती जॉबवर्कला, म्हणजे एखादी प्रक्रिया दुसऱ्या कारखान्याकडून करून घेण्यासाठी, बाहेर गेलेल्या मालाची. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंगला गेलेले किती नग कोणाकडे पडून आहेत, हे स्टोअरकीपरची वही आणि त्याची स्मरणशक्ती यांवर अवलंबून असे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार असा कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे मानले जाते आणि कराचा बोजा आपल्यावर येतो. त्यामुळे वहीचा भरवसा महागात पडू शकला असता.

मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट, म्हणजे हिशेब, साठा आणि उत्पादन एकाच ठिकाणी सांभाळणारे सॉफ्टवेअर, आम्ही निवडले, ते मुख्यतः जीपीएल या मुक्त स्रोत (ओपन सोर्स) परवान्यामुळे. त्यात माणशी परवाना शुल्क नाही, म्हणून प्रत्येक सुपरवायझरला स्वतंत्र लॉगिन देता आले. सर्व्हर, बॅकअप आणि अंमलबजावणीचा खर्च अर्थातच आपला आपण करायचा असतो, आणि तो किरकोळ नसतो.

जॉबवर्कची सोय मनाजोगती निघाली. प्रत्येक जॉबवर्करच्या नावे प्रणालीत वेगळे गोदाम उघडता येते. माल बाहेर गेला की आपल्या साठ्यातून वजा होऊन तिथे जमा दिसतो, आणि तरीही मालकी आपलीच राहते. कोणत्या चलनावरचे (मालासोबत पाठवलेल्या कागदावरचे) किती नग परत यायचे आहेत, हे आता फोन न करता कळते.

सर्वाधिक कुरबूर झाली ती नोंदी पक्क्या करण्यावरून. एकदा सबमिट केलेल्या बिलातील रक्कम बदलता येत नाही. ते रद्द करून दुरुस्त प्रत काढावी लागते आणि तिच्या क्रमांकापुढे ‘-१’ लागतो. आमच्या अकाउंटंटना हा जाच वाटला, सीएंना मात्र आनंद झाला, कारण १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. मागील तारखेची साठा नोंद टाकल्यास त्यापुढच्या सर्व नोंदींचे मूल्यांकन पुन्हा होते, म्हणून स्टोअरची नोंद त्याच दिवशी करण्याची शिस्त लावावीच लागते. जीएसटीसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ हे वेगळे अ‍ॅप बसवावे लागते. त्याबद्दल तक्रार नाही.

खरा मनस्ताप दिला तो अंमलबजावणी करणाऱ्या फर्मने, जिचे नाव इथे देत नाही. त्यांच्या माणसांना लेखाशास्त्र उत्तम येत होते, पण रफ मशिनिंग आणि फिनिशिंग यांच्यामध्ये नग बाहेर जाऊन परत येतो, हे त्यांना बराच काळ उमगले नाही. जे मूळ प्रणालीत होतेच, त्यासाठीही त्यांनी स्वतंत्र कोड लिहिला, आणि आता आवृत्ती बदलताना तो दर वेळी तपासून घ्यावा लागतो. त्यामुळे नव्याने घेणाऱ्यांनी डेमोमध्ये त्यांचा नमुना डेटा पाहण्यात वेळ घालवू नये. आपल्याच एका पार्टचा बीओएम (त्याला लागणाऱ्या मालाची यादी) आणि एक जुने जॉबवर्क चलन हाती द्यावे आणि ते समोर बसून चालवून दाखवायला सांगावे.

आयटम मास्टरची, म्हणजे प्रणालीतील वस्तूंच्या मूळ यादीची, साफसफाई मात्र कोणावर सोपवू नये. एकच बेअरिंग आमच्याकडे तीन नावांनी नोंदलेले होते, आणि ते ओळखणारा माणूस स्टोअरमध्येच होता. पगारपत्रक आम्ही अजून या प्रणालीत आणलेले नाही, आणि निदान मार्चअखेरपर्यंत तसा विचारही नाही.