शुगरवाल्यांचे डोळे: एआयचा फोटो की थेंब घालून तपासणी?

आईला बारा वर्षं शुगर आहे. पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या एका शिबिरात तिच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले. उजव्या डोळ्याचा निकाल मिनिटभरात आला. डावा मात्र तीनदा काढूनही धूसरच, मोतीबिंदू आड येत होता. फोटो तपासणाऱ्या एआय यंत्राने तो वाचता येत नसल्याचं सांगितलं, आणि तिथला मुलगा म्हणाला, "काही नाही निघालं, काकू, जा तुम्ही." महिन्याने डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पाहिलं, तर त्याच डोळ्यात रक्ताचे बारीक ठिपके! फोटो वाचता आला नाही म्हणजे डोळा ठीक आहे असं नाही. उलट मग डॉक्टरकडे जायलाच हवं.

म्हणून फोटो वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. डॉक्टरशिवाय स्वतः निकाल देणाऱ्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली. त्याच्या चाचणीत शुगरमुळे होणारा पडद्याचा दखल घेण्याजोगा आजार असलेल्या शंभरातले सुमारे ८७ जण त्याने बरोबर पकडले. पण चाचणी वेगळी आणि रोजचा दवाखाना वेगळा. थायलंडमध्ये गूगलचं असंच तंत्र वापरलं, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतले १८३८ पैकी सुमारे २१ टक्के फोटो यंत्राने नाकारले. एक कारण अगदी साधं: खोलीत अंधार नव्हता. अंधारात बाहुली मोठी होते, तरच आतलं नीट दिसतं. म्हणून शिबिरात आधी खिडक्यांचे पडदे ओढलेत का ते बघा.

शिवाय नेहमीच्या फोटोत पडद्याचा मधला भागच येतो, कडा सुटतात. डोळ्याचा दाबही त्यातून कळत नाही. थेंब घातले की डॉक्टर कडेपर्यंत पाहतात, पण अर्धा दिवस जातो. चार-सहा तास धूसर दिसतं, स्कूटर चालवत घरी येता येत नाही, कुणीतरी सोबत लागतं.

ओसीटी नावाचं पडद्याचं स्कॅन डॉक्टरांनी सांगितलं तरच करा. प्रकाशाच्या आधारे ते पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दाखवतं, त्यामुळे मधली सूज नेमकी कळते.

माझं मत स्पष्ट आहे. वर्षभरात डोळे दाखवले नसतील आणि डॉक्टरकडे जाणं लांबतच असेल, तर मिळेल तिथे आजच फोटो काढून घ्या. मोतीबिंदू असेल, आधी दोष निघाला असेल किंवा गरोदरपण असेल, तर सरळ थेंबांची तपासणी. आणि डोळ्यांपुढे अचानक जाळी, काळे ठिपके किंवा सावली आली, तर शिबिराची वाट न बघता त्याच दिवशी जा.