करडांची रक्ती हगवण: बादलीतली पावडर की सिरींजने पाजायचं सल्फा?

लेंडी तपासून आणली, कागदावर कॉक्सिडिया (आतड्यात वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे परजीवी) लिहून आलंय आणि आता औषध कोणतं एवढंच ठरवायचं राहिलंय, अशांसाठी हे लिहितोय. तपासली नसेल तर आधी ती तपासा. आमच्याकडे दोन वर्षं पातळ लेंडी दिसली की पाज अल्बेंडाझोल, एवढंच चाललं होतं. जंतनाशकाने कॉक्सिडियाचा केसही वाकडा होत नाही. आणि मोठी शेळी महिनोन्‌महिने खंगत पातळ हगत असेल तर तिचं दुखणं निराळं. ते डॉक्टरांनाच बघू द्या.

माझ्या शेळ्या उस्मानाबादी, गाव भूम-परांड्याच्या पट्ट्यातलं. पाऊस तसा कमीच, पण भाद्रपदात झड लागली की आठवडाभर ऊन दिसत नाही. जूनमध्ये व्यालेल्यांची करडं नेमकी तेव्हा अडीच-तीन महिन्यांची असतात, दूध तुटत आलेलं, वाड्यात चिखल. शेपटीखालचे केस चिकटायला लागतात, मग शेंबडासारखं, मग एखाद्या सकाळी रक्त.

माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक, अ‍ॅम्प्रोलियमची पावडर पाच दिवस पिण्याच्या पाण्यात. दुसरा, सल्फाचं पातळ औषध पाच दिवस एकेका करडाला धरून तोंडाने. दोन्ही मी केलेत.

पावडरीचं सुख पहिल्या दिवशीच कळतं. करडं धरायची नाहीत, ठसक्याची भीती नाही, अंगावर सांडत नाही. मी बाहेरगावी असलो तरी घरातलं कुणीही बादलीत कालवून ठेवू शकतं. खर्चही कमी. पहिल्या वर्षी पंधरा करडांना मी हेच केलं. सकाळी बादली भरायची, संध्याकाळी बघायचं, पाणी अर्ध्यावर आलेलं असायचं. वाटायचं, चला, पोटात गेलं.

तिसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली म्हणून टोपलं पालथं घालून वाड्यातच बसलो. अर्धा तास. ज्यांना काही झालं नव्हतं अशी चार-पाच टणक करडं आली, ढोसून गेली. एक मोठी पाट, म्हणजे तरणी शेळी, फळीच्या फटीतून मान घालून निवांत पाणी ओढत होती, तिचा या औषधाशी काहीएक संबंध नव्हता. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते काळं, पांढऱ्या कानाचं करडू भिंतीला लागून पाठ कमानीसारखी करून उभं होतं. एकदा आलं. पाण्याला तोंड लावलं, नाक फेंदारलं, शिंकलं आणि परत भिंतीपाशी जाऊन उभं राहिलं.

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. औषध वाईट नाही. पण कोणी किती प्यालं हे कळायला काही मार्ग नाही, आणि सगळ्यात कमी पितं ते सगळ्यात आजारी असलेलं. त्यात पावसाळ्यात ओला पाला खाणारी करडं पाण्याकडे फिरकतच नाहीत, अंगावर पिणारी तर मुळीच नाहीत. आमच्या डॉक्टरांचा हिशेब किलोला ५० मिलिग्रॅमचा. म्हणजे आठ किलोच्या करडाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम, २० टक्क्यांची पावडर असेल तर दोन ग्रॅम. कागदावर सोपं आहे. पण बादलीतून ते दोन ग्रॅम त्याच करडाच्या पोटात गेले हे सांगणार कोण? माझ्याकडच्या डब्यावरचं प्रमाण तर कोंबड्यांसाठी छापलेलं होतं, तेवढंच बघून कालवू नका.

आणखी एक घोटाळा मी स्वतः घातला. करडं मलूल दिसली म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिकही सुरू केलं. डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. अ‍ॅम्प्रोलियम हे दिसायला बी-वन जीवनसत्त्वासारखं असतं. कॉक्सिडिया त्याला बी-वन समजून घेतात आणि उपाशी राहतात. तुम्ही खरं बी-वन वरून ओतलंत तर औषधाची धार गेली. उलट पावडर ठरल्यापेक्षा लांबवली तर करडालाच बी-वन कमी पडायला लागतं. ते मान वर करून आभाळाकडे बघत राहतं, त्याच्या डोळ्यांना दिसेनासं होतं. म्हणून पाच दिवस म्हणजे पाच दिवस, आणि टॉनिक नंतर.

कोणी म्हणेल, मग तीच पावडर थोड्या पाण्यात कालवून सिरींजने पाजायची. पाजता येते, आणि बादलीपेक्षा ते कधीही बरं. पण एकदा करडाला हात लावायचाच तर मग सल्फाच का नको, असं मी म्हणतो, त्याचं कारण आहे. अ‍ॅम्प्रोलियमचा मारा मुख्यतः किड्याच्या सुरुवातीच्या अवस्थेवर असतो. लेंडीत रक्त दिसतं तोवर गाडी पुढे गेलेली असते. सल्फा त्या पुढच्या अवस्थेला गाठतं, शिवाय फाटलेल्या आतड्यात शिरलेल्या जिवाणूंनाही थोडा चाप बसतो. डॉक्टर मंडळींत यावर मतभेद असतील, मी फक्त माझ्या वाड्यात जे दिसलं ते सांगतोय.

दुसऱ्या वर्षी मी सल्फा पाजलं, त्याचा त्रासही लपवणार नाही. पहिल्या दिवशी करडं भोळी असतात. दुसऱ्या दिवशी सिरींज दिसली की पळतात. पाचव्या दिवशी माझ्या चपलांचा आवाज ऐकून पळत होती. दोन माणसं लागतातच: एकाने गुडघ्यांत करडू धरायचं, दुसऱ्याने पाजायचं. २० मिलीची सिरींज, सुई काढून, ओठाच्या कोपऱ्यातून जिथे दात नसतात तिथून आत, हळूहळू, गिळायला वेळ देत. मान फार वर उचलायची नाही, नाहीतर औषध श्वासनळीत गेलं आणि हगवणीऐवजी न्यूमोनिया घेऊन बसलात. वजन अंदाजाने धरू नका. ताणकाट्याला पोतं अडकवून त्यात करडू ठेवलं की दोन मिनिटांचं काम आहे. मी नजरेने दहा किलोचं म्हणायचो ते सातच भरायचं. आमच्याकडे पहिल्या दिवशी पूर्ण मात्रा आणि पुढचे चार दिवस निम्मी असं दिलं होतं, तुमचे डॉक्टर सांगतील तसं करा.

एक गोष्ट मात्र सल्फासोबत चुकवू नये: पाणी. हगून हगून सुकलेल्या करडाला नुसतं सल्फा दिलं तर ते मूत्रपिंडात खड्यासारखं साठू शकतं. त्यामुळे त्याच सिरींजने आधी ओआरएसचं पाणी, मग औषध, संध्याकाळी परत पाणी. यातच सगळा वेळ जातो. पण पाण्याने करडू उभं राहतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पहिल्या वर्षी पावडरीच्या भरवशावर हे पाणी पाजणं माझ्याकडून झालंच नव्हतं. म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या यशात सल्फा किती आणि ओआरएस किती, हे मला विचाराल तर मी गप्प बसेन.

तिसरा रस्ता टोल्ट्राझ्युरिल. एकाच मात्रेत काम, जवळजवळ सगळ्या अवस्थांवर चालतं. चार करडांना दिलं, गुण आला, पण पंधरांचा हिशेब घातल्यावर खिशाने नाही म्हटलं. ज्यांची दोन-तीनच करडं आहेत त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. फक्त कोंबड्यांच्या पाण्यात घालायचं द्रावण सरळ करडाच्या तोंडात ओतू नका, तोंड-घसा भाजतो.

औषध कोणतंही घ्या, वाडा ओला असेल तर पंधरा-वीस दिवसांनी तीच करडं तिथेच. फिनाईल मारून मी बरेच पैसे घालवलेत. कॉक्सिडियाची अंडी फिनाईलला दाद देत नाहीत, त्यांना ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. गव्हाण जमिनीपासून उचलली, म्हणजे करडं तिच्यात पाय घालून हगत नाहीत, यानेच जास्त फरक पडला. आणि कोंबड्यांना दोष देऊ नका. वाड्यात कोंबड्या फिरतात म्हणून हे झालं असं शेजारचे आबा मला दरवर्षी सांगतात, पण कोंबडीचे कॉक्सिडिया शेळीला होत नाहीत, शेळीचे शेळीलाच. बहुतेकदा आईच्याच लेंडीतून. तिला स्वतःला काही होत नाही.

पांढऱ्या कानाचं ते करडू वाचलं. पण आतड्याला एकदा इजा झाली की औषध ती भरून काढत नाही. पाडव्याला त्याचा जुळा भाऊ काट्यावर २२ किलो भरला आणि हे १४ वरच राहिलं. व्यापाऱ्याने दोघांना हात लावला आणि याच्याकडे न बघताच पुढे गेला.

पावडरीचा डबा मात्र मी फेकलेला नाही. आता एखाद्या करडाला लागण झाली की ते आणि त्याच्या सोबतची मलूल दिसणारी करडं सल्फावर जातात. बाकी जी उड्या मारतायत, नीट पाणी पितायत, त्यांच्या बादलीत पावडर पडते, तीही डॉक्टरांना विचारून. आणि फळीतली ती फट बुजवलीय. पाट अजून तिथे येऊन हुंगते.