जुनी गाडी बघायला जाताय? हा ओबीडी स्कॅनर खिशात असू द्या (माझा अनुभव)

ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाईलवर दाखवणारं यंत्र) घेऊन दोन महिने झाले, तेवढ्यात जुन्या तीन गाड्या बघितल्या आणि तिन्हींना लावला, म्हणून लिहितोय. काडेपेटीएवढा आहे, स्टेअरिंगच्या खाली 16 पिनचा सॉकेट असतो त्यात खोचायचा, मोबाईलवर अ‍ॅप उघडायचं, झालं.

बहुतेक लोक हा फक्त एरर कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड) बघायला वापरतात, पण मला तो आवडला तो वेगळ्याच कारणासाठी. पहिल्या गाडीच्या मालकाला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की इंजिन थंड ठेवा, मी आल्यावरच चालू करू. गेलो तर म्हणाले सकाळपासून हात पण लावलेला नाही. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. मग स्कॅनर लावून चावी नुसती ऑन केली, सेल्फ मारलाच नाही, आणि कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान बघितलं तर 58 डिग्री, आत येणाऱ्या हवेचं 31. रात्रभर उभी असलेली गाडी असेल तर हे दोन आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत! म्हणजे थोड्या वेळापूर्वी गाडी चालवून आणलेली होती, आणि असं मुद्दाम करतात कारण थंड इंजिनच खरं बोलतं, सुरू व्हायला त्रास, टकटक आवाज, पहिला धूर हे सगळं गरम झाल्यावर लपतं.

चेक इंजिन लाइट बंद, कोड एकही नाही. पण अ‍ॅपमध्ये रेडिनेस मॉनिटर म्हणून एक पान असतं ते नक्की उघडा, गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते तिथे दिसतं, आणि कोड पुसले की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. तिथे जवळपास सगळं 'अपूर्ण' दाखवत होतं आणि कोड पुसल्यापासून गाडी चाललेली फक्त 11 किमी. बॅटरी काढली तरी मॉनिटर असे रिकामे होतात, त्यामुळे लगेच चोर ठरवू नका. पण मालक म्हणत होते सहा महिन्यात गाडीचं काहीच काम निघालेलं नाही, बॅटरी पण जुनीच. मग ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट थर. पाणी ऑइलमध्ये मिसळलं की असं होतं. छोट्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेनेही थोडं होऊ शकतं, पण इथे कूलंटच्या टाकीतही वर तेलाचा तवंग होता, म्हणजे हेड गॅस्केटचा (इंजिनमध्ये ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणाऱ्या सीलचा) संशय. नमस्कार करून निघालो.

आता कमी बाजू, आणि ती मोठी आहे. दुसऱ्या गाडीला स्कॅनरने सगळं हिरवं दाखवलं, मॉनिटर पूर्ण, तापमान बरोबर, मी तर टोकन द्यायच्या तयारीत होतो. मेकॅनिकने दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून जोरात रेस दिली, मागून निळसर धूर. मग स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) घेतलं, चार सिलिंडरचे आकडे 12, 12, 9, 12 बार. कमीवाल्यात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं तर 11 वर गेला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा घासल्यात (ऑइलने तिथली फट तात्पुरती बुजते), व्हॉल्व्हचा दोष असता तर आकडा फारसा हलला नसता. स्कॅनरला यातलं काहीच कळलं नाही, कारण रिंगा किती घासल्या हे मोजणारा सेन्सरच गाडीत नसतो.

बाकी बारीकसारीक: ब्लूटूथ अधूनमधून तुटतं, स्वस्त नकलांमध्ये काही आकडे येतच नाहीत म्हणून आधी स्वतःच्या किंवा ओळखीच्या गाडीवर लावून बघा. सगळ्याच गाड्या कोड पुसल्यानंतरचं अंतर देत नाहीत. आणि काम झालं की काढून ठेवा, सॉकेटला कायम वीज असते, उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.

तिसरी गाडी घेतली. सकाळी चावी ऑन केल्यावर कूलंट 24, हवा 23, आणि कॉम्प्रेशन चारीही सिलिंडरला 12 च्या आसपास. पाचपैकी चार स्टार, एक स्टार कापला तो ब्लूटूथसाठी.