घडीचा लोखंडी पिंजरा : भुसावळ ते धुळे बिऱ्हाड हलवताना

घर बदलताना टेम्पोत आधी काय चढवायचे आणि शेवटी काय, याचा विचार सगळेच करतात. घरातल्या कुत्र्याचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी सामान उतरून झाल्यावर सुरू होतो. मग दुकानदार सर्वांत आधी जी वस्तू पुढे करतो ती म्हणजे तारेचा घडीचा पिंजरा. भुसावळहून धुळ्याला बिऱ्हाड हलवायचे ठरले तेव्हा आम्ही आमच्या चिंगीसाठी, म्हणजे मध्यम चणीच्या गावठी कुत्रीसाठी, जळगावच्या एका दुकानातून असाच पिंजरा घेतला. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू तो वापरून झाला आहे. वेष्टनावर ज्या गुणांची जाहिरात आहे त्यांत तो साधारणच निघाला. ज्या एका कामात तो खरोखर उपयोगी पडला, त्याचा मात्र वेष्टनावर उल्लेखही नाही.

पिंजरा 36 इंची आहे, म्हणजे लांबी 36, रुंदी 23 आणि उंची 25 इंच. समोर एक आणि बाजूला एक अशी दोन दारे, खाली सरकणारा प्लास्टिकचा ट्रे, वर उचलण्याची मूठ. घडी घातल्यावर तो कपाटामागच्या फटीत मावतो आणि एक माणूस तो सहज उचलू शकतो. किंमत चार हजारांच्या आत पडली. दुकानदाराचा आग्रह 42 इंचीसाठी होता, कारण ‘मोठा घेतला की वाया जात नाही’. परंतु पिंजऱ्याचे माप कुत्र्यावरून ठरते, भविष्याच्या काळजीवरून नव्हे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मोजून त्यात दहा-पंधरा सेंटिमीटर मिळवावेत, आणि बसलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर थोडी जागा राहील इतकी उंची घ्यावी. कुत्र्याला उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय ताणून झोपता यावे, एवढे पुरे. त्याहून फार मोठा पिंजरा घेतला तर आडोसा मिळाल्याची भावनाच उरत नाही, आणि पिल्लू असेल तर ते एका कोपऱ्यात झोपून दुसऱ्या कोपऱ्यात घाण करते.

आता मुख्य मुद्दा. कुत्रे घर ओळखते ते वासाने आणि दिनक्रमाने. नव्या घरात रंगाचा, सिमेंटचा आणि फिनेलचा वास असतो, फर्निचर वेगळ्या जागी असते, खिडकीबाहेरचे आवाज अनोळखी असतात आणि माणसे तर दमलेली व चिडलेली असतात. अशा जागेत जुन्या घराचा एखादा तुकडा जशाच्या तसा उपलब्ध असावा, हे पिंजऱ्याचे खरे काम आहे; परंतु पिंजरा जुन्या घरात आधी रुळलेला असेल तरच ते साधते. सामान बांधायला काढण्याच्या काही आठवडे आधी तो भुसावळच्या घरातच मांडून ठेवला, दार सुतळीने उघडे बांधून टाकले आणि आत चिंगीची जुनी गोधडी न धुता अंथरली. सुरुवातीला भाकरीचे तुकडे दाराशी, मग आत, मग अगदी मागच्या कोपऱ्यात टाकले; पुढे रोजचे जेवणच आत सुरू केले. खाणे चालू असेपर्यंत दार लोटायचे, संपण्यापूर्वी उघडायचे, आणि हा वेळ हळूहळू वाढवायचा, एवढीच पद्धत. ओढून आत घालणे किंवा शिक्षा म्हणून कोंडणे कटाक्षाने टाळावे, कारण तसे एकदा झाले की आधीची सारी मेहनत पाण्यात जाते. स्थलांतराच्या आदल्या दिवशी पिंजरा विकत आणून दुसऱ्या दिवशी कुत्र्याला त्यात बंद करणाऱ्यांनी हे पैसे न खर्चलेलेच बरे.

सामान निघाले त्या सकाळी हमाल लोखंडी कपाट जिन्यावरून आपटत खाली नेत होते. चिंगी काही वेळ कान मागे पाडून, ओठ चाटत भिंतीकडेने फिरली आणि मग आपणहून पिंजऱ्यात जाऊन समोरच्या आडव्या तारेवर हनुवटी टेकवून बसली. दार उघडेच होते. किमतीचे समर्थन करण्यास माझ्या मते एवढा प्रसंग पुरेसा आहे.

प्रवासासाठी मात्र या पिंजऱ्याकडून माफक अपेक्षा ठेवावी. सेदान गाडीच्या डिकीत तो मावत नाही. मागची आसने पाडलेल्या मोठ्या गाडीत किंवा व्हॅनमध्येच तो उभा राहतो, आणि तिथेही पट्ट्यांनी आवळून बांधला नाही तर प्रत्येक वळणावर सरकतो. तारेचा पिंजरा अपघातात संरक्षण देतो असा कोणी दावा केला तर विश्वास ठेवू नये. भुसावळचे लोक साहजिकच आधी रेल्वेचा विचार करतात. परंतु रेल्वेत कुत्रे सोबत न्यायचे तर एसी प्रथम वर्गाचा किंवा प्रथम वर्गाचा दोन बर्थचा कूपे अथवा चार बर्थची केबिन पूर्ण आरक्षित करावी लागते, एरवी त्याची रवानगी ब्रेकव्हॅनमधल्या, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या, डॉगबॉक्समध्ये होते. स्लीपर किंवा एसी थ्री टियरमध्ये पिंजऱ्यासह चढण्याचा बेत कोणी करू नये. विमानासाठीही टणक भिंतींचा वेगळा पिंजरा लागतो, हा चालत नाही.

आम्ही राष्ट्रीय महामार्ग 53 ने, जळगाव, एरंडोल, पारोळा या मार्गे गाडीने गेलो आणि उजाडण्यापूर्वीच निघालो. नोकरदारांच्या बदल्यांचा हंगाम आणि खानदेशातल्या उन्हाचा कळस नेमका एकाच वेळी येतो. पारा 44-45 अंशांवर असताना तापलेल्या गाडीत कुत्र्याला बसवणे म्हणजे जिवाशी खेळ. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणे हाच अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग, आणि भोवतालची हवाच तापलेली व कोंडलेली असेल तर तो मार्गही निकामी ठरतो. येथे तारेच्या पिंजऱ्याचा एक गुण मान्य केला पाहिजे, तो म्हणजे हवा चारही बाजूंनी खेळते. निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला दिले नाही, पाणी मात्र वाटेत देत गेलो. गाडी लागणाऱ्या कुत्र्यासाठी औषध हवे असेल तर ते पशुवैद्यकालाच आधी विचारावे, घरातल्या डब्यातली गोळी देऊ नये.

धुळ्यात देवपूरमधल्या फ्लॅटमध्ये पहिली वस्तू मांडली ती पिंजरा. जागा निवडताना मुख्य दार, लिफ्ट आणि गॅलरी टाळली. गॅलरीत उन्हाने तारा इतक्या तापतात की हात ठेववत नाही, हा तोटा खानदेशात तरी किरकोळ समजता येणार नाही. पहिल्या काही रात्री पिंजरा झोपण्याच्या खोलीत ठेवला, नंतर रोज थोडा थोडा सरकवत हॉलच्या कोपऱ्यात आणला. तीन बाजूंनी जुनी सुती चादर टाकली आणि समोरची बाजू मोकळी ठेवली. कूलरचा झोत थेट अंगावर येणार नाही एवढे पाहिले. वास्तुशांतीच्या दिवशी होमाचा धूर, पाहुण्यांची वर्दळ आणि पंगतीची गडबड यांपासून दूर, आतल्या खोलीत पिंजऱ्यात बसण्याची सोय असल्यामुळे तिचा दिवस निभावला. त्या दिवशी जपावे लागले ते वेगळ्याच गोष्टीला: भरीत आणि शेवभाजी प्रेमाने भरवणाऱ्या मावश्या. कांदा आणि लसूण कुत्र्यांना बाधतात, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात, हे प्रत्येकीला स्वतंत्रपणे सांगावे लागले आणि एकीलाही पटले नाही.

पिंजरा घराच्या आतल्या अस्वस्थतेवर उपाय आहे, बाहेरच्या नव्हे. नव्या कॉलनीत रस्त्यावरच्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते आणि पहिल्या दिवसांत जुन्या घराच्या ओढीने पळ काढणारी कुत्री पुष्कळ असतात. म्हणून जिन्यातसुद्धा साखळी आणि गळपट्ट्यावर चालू फोन क्रमांक, या दोन गोष्टींना पर्याय नाही. तोच गळपट्टा पिंजऱ्यात जाताना मात्र काढून ठेवावा, कारण तारेत अडकला तर फास बसू शकतो.

दुकानदाराने पिंजऱ्यासोबत, कुत्र्याला शांत वाटावे म्हणून विजेच्या प्लगमध्ये लावायचे फेरोमोनचे यंत्रही सुचवले होते. दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगातून स्रवणाऱ्या द्रव्याची ती कृत्रिम नक्कल असते आणि बाटली साधारण महिनाभर पुरते. ते आम्ही घेतले नाही. बाहेरची हवा आत ओढून खिडक्यांतून बाहेर ढकलणारा कूलर जिथे दिवसरात्र चालू असतो, तिथे ते द्रव्य खोलीत कितपत टिकणार, असा साधा हिशेब होता.

आता तक्रारी. ट्रे हा या वस्तूचा सर्वांत वाईट भाग आहे. तो पातळ आहे, कुत्रे कूस बदलले की खडखडतो, आणि रात्रीच्या शांततेत त्या आवाजाने आधीच बिचकलेले जनावर आणखी बिचकते. खाली गोणपाट अंथरल्यावर आवाज थांबला. समोरच्या दाराची खालची खिटी फरशी जराही उंचसखल असली की खाचेत नीट बसत नाही. सरकवताना ती करकरते, म्हणून तिला खोबरेल तेलाचे बोट लावावे लागते. पावसाळ्यात जोडांवरचा काळा मुलामा सुटून गंजाचे ठिपके दिसू लागले. धुण्यासाठी फिनेल वापरू नये, त्या उग्र वासाने जपलेला जुना वास पार निघून जातो. साध्या ओल्या फडक्याने पुसणे पुरते.

एकटे राहावे लागले की लाळ गाळणारी, दार ओरबाडणारी, तारा चावून दात आणि नखे दुखावून घेणारी कुत्रीही असतात. त्यांच्यासाठी हा पिंजरा मुळीच घेऊ नये. कोंडल्याने त्यांची भीती वाढते, आणि तिथे जाणकार पशुवैद्यकाचाच सल्ला लागतो. शांत, पण बुजऱ्या कुत्र्यासाठी आणि हातात पुरेसे आठवडे असतील तरच शिफारस करतो, तीही 36 इंचीसारख्या नेमक्या मापाची. सुटा ट्रे मिळेल का, असे दुकानात विचारले असता पूर्ण पिंजराच नवा घ्यावा लागेल असे उत्तर मिळाले. शेवटी देवपुरातल्या सुताराकडून त्याच मापाची प्लायवूडची फळी कापून घेतली, आणि ती मूळ ट्रेपेक्षा सरस ठरली आहे.