अठ्ठावन्नाव्या वर्षी ओपन माइक, तेही परगावात: नाशिकमधल्या काही महिन्यांच्या वापरानंतर

अकोल्याचं घर विकून मी मुलाकडे पाथर्डी फाट्याला राहायला आले आणि मागच्या गणपतीनंतर ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव देऊन माइकवर विनोद करून बघावेत अशा स्टँड-अपच्या कार्यक्रमाला, नाव नोंदवायला लागले. आता मे उजाडलाय. वस्तू पुरेशी वापरून झाली, तेव्हा माझ्यासारख्या उशिरा गाव बदललेल्या कुणाला घ्यावीशी वाटत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते.

आधी वरवरचं. नाव इन्स्टाग्रामवरच्या फॉर्ममधून द्यायचं. कार्यक्रम कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या बाजूला, कॅफेत. पाच मिनिटं मिळतात. चार झाली की मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतं, त्याला ही पोरं ‘लाइट’ म्हणतात. समोरच्यांपैकी निम्मे स्वतःच्या पाळीची वाट बघणारे असतात. त्यांचे ओठ हलले म्हणजे हसले असं समजू नका, पाठांतर चालू असतं. नेमका पंच, म्हणजे हसवणारा शेवट, आला की कॉफीचं मशीन फुसफुसतं. माइकचा स्टँड कुण्या उंच पोराच्या मापाने लावलेला असतो. तो खाली घेण्यात वेळ घालवू नये, माइक काढावा आणि स्टँड मागे ठेवावा. चष्म्यावर दिवा चमकून समोरचं कुणीच दिसत नाही, हे मी फायद्यात धरते. बाकी खर्चात सगळ्यात मोठा आकडा रात्रीच्या रिक्षाचा.

वयाचा उपयोग होतो, पण अर्धा मिनिटच. ‘आता येतायत आपल्या काकू’ म्हटलं की टाळ्या जास्त पडतात, मी नुसतं ‘काय बाप्पा’ म्हटलं तरी हसतात. त्यानंतर विनोद लागतो. पोरांना कौतुक असतं, पण कौतुकाने माणूस मान डोलावतो, हसत नाही.

सुरुवातीला मी घर सोडल्याचं सांगायची. अंगणातला कडुनिंब, शेजारीण, निघतानाची सकाळ. एक मुलगी डोळे पुसायला लागली. नंतर सूत्रसंचालन करणारा मुलगा म्हणाला, “काकू, भारी होतं, पण हसायला जागाच नव्हती.” त्याचं बरोबर होतं. आठवणीत सगळं छान असतं, आणि जिथे सगळं छान आहे तिथे विनोदाला काम नसतं. कुठेतरी काहीतरी अडायला हवं.

अडलं ते सोसायटीच्या गेटवर. आमच्याकडे मोबाइलवरून परवानगी मागायची पद्धत आहे. मी नवीन, माझं नाव रहिवाशांत चढलेलं नव्हतं. भाजी घेऊन आले की वॉचमन मुलाच्या मोबाइलवर विचारणार: आई आली आहे, सोडू का? मुलगा मीटिंगमध्ये. मी उन्हात, मेथी कोमेजतेय. “ज्याला मी नऊ महिने फुकट आत ठेवून घेतलं, त्याच्या परवानगीसाठी मी गेटवर!” हे आजवरचं माझं सगळ्यात भरवशाचं वाक्य. पुढे वॉचमन रजिस्टर काढतो आणि विचारतो, किती दिवस राहणार? “मी म्हटलं, तेच मुलाला विचारून सांगते.”

हे पहिल्या रात्री असं नव्हतं. आधी मी मुलगा काय करतो, सून कुठली, फ्लॅट कितव्या मजल्यावर, सगळं सांगायची. दरवेळी रेकॉर्डिंग करून दुसऱ्या दिवशी ऐकलं (स्वतःचा आवाज ऐकणं हा या छंदातला सगळ्यात त्रासदायक भाग) आणि जिथे शांतता होती ते कापलं. आता तीन वाक्यांत गेटवर पोचते. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसवणारा शब्द मधेच येऊन जातो आणि लोक हसायला लागेपर्यंत आपण ‘राहावं लागलं होतं’ म्हणत त्यावर पाणी ओततो. म्हणून वरच्या वाक्यातलं ‘उभी होते’ काढून टाकलं. ‘गेटवर’ म्हटलं की गप्प. ही गप्प बसायची कला मला आजही जड जाते, घरचे साक्षीला आहेत.

परगावचं असण्याचा खरा फायदा दिसायला वेळ लागला. नाशिककरांना जे रोजचं, ते मला नवल. गोदावरीला पूर आला की इथे पाण्याची उंची फुटांत सांगत नाहीत, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते सांगतात. “कमरेपर्यंत म्हटलं की चहा टाकतात, गळ्यापर्यंत म्हटलं की फोटो काढायला निघतात. आमच्याकडे संकट आलं की मारुतीला हाक मारतात, इथे त्याला मोजपट्टी करून उभं केलंय!” नाशिकमध्ये हे टाळ्या घेतं. पुण्यात भाचीकडे गेले तेव्हा तिथल्या एका ओपन माइकला करून पाहिलं, आधी मारुती समजावून सांगण्यातच लाइट दिसला. उन्हाळ्याचं मात्र कुठेही चालतं: “३८ अंशांना तुम्ही घराबाहेर पडत नाही. ३८ ला आम्ही कूलर पुसायला काढतो.” सोपा विनोद आहे, मलाही त्याचा फार अभिमान नाही. पाच मिनिटांत एखादा असू द्यावा.

सगळे मला झरना गर्गचे व्हिडिओ पाठवतात. मुंबईत जन्मलेली, अमेरिकेत गेलेली, वकील, मग बरीच वर्षं घर-मुलं, आणि चाळिशी उलटल्यावर स्टँड-अप. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर तिचा स्वतंत्र कार्यक्रम आला. जरूर बघा. पण ती देश बदलून गेली, मी विदर्भ एक्स्प्रेसने आले. तिच्याकडे बघून धीर घ्यावा, मजकूर घेऊ नये.

तोटे आहेत. गुडघे दुखतात, कारण आपला नंबर येईपर्यंत खुर्ची मिळेलच असं नाही. ओळ विसरते, म्हणून तळहातावर चार शब्द लिहून जाते, घामाने त्यातले दोन पुसतात. काही पोरांच्या शिव्या ऐकवत नाहीत. शिवीला माझी हरकत नाही, वऱ्हाडात वाढले आहे, पण विनोद नसला की शिवी घालायची, ही पळवाट लगेच कळते. आणि घरी एक नियम झालाय: सुनेवर बोलायचं असेल तर आधी तिला ऐकवायचं. तिने दोन गोष्टी नाकारल्या. एक खरंच चांगली होती.

सध्या २०२७ च्या सिंहस्थावर लिहितेय. अकोल्याहून आतापासून फोन येतात, “ताई, तुमच्याकडेच उतरून रायलो बरं का!” पहिल्या मिनिटात चांगलं जातं, नंतर नातेवाइकांची ओळख करून देण्यात लांबतं. दीर आणि त्यांचे साडू काढून टाकले की बसेल बहुतेक.