सीए फाउंडेशनचं स्टॅट्स: साधा कॅल्क्युलेटर आणि चुकांची वही, 7 महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, हा कुठल्या क्लासचा रिव्ह्यू नाही. मी सातारची, गोडोलीत राहते, बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियम. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने सीए फाउंडेशनच्या (सीए होण्याची पहिली परीक्षा) पेपर 3 मधल्या स्टॅटिस्टिक्सची प्रॅक्टिस ज्या गोष्टींवर केली त्याबद्दल लिहितेय, कारण हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर दोन महिने तरी वाचले असते.

वापरलं काय, तर परीक्षा घेणाऱ्या सीए इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल आणि जुने मॉक टेस्ट पेपर (पीडीएफ फुकट मिळतात, मी पोवई नाक्यावरून झेरॉक्स काढून स्पायरल करून घेतलं), बारा डिजिटचा साधा कॅल्क्युलेटर, दोनशे पानी वही, आणि मध्ये तीन महिने एक पैसे भरून घेतलेलं अॅप. वही आणि कॅल्क्युलेटरला पैकीच्या पैकी मार्क. अॅपचं पुढे सांगते.

ज्यांना पेपर माहीत नाही त्यांच्यासाठी, 100 मार्कांचा ऑब्जेक्टिव्ह पेपर, एका प्रश्नाला एक मार्क, 2 तास, त्यात बिझनेस मॅथ्स 40, लॉजिकल रिझनिंग 20 आणि स्टॅट्स 40. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कट. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात, आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालत नाही.

त्यामुळे साधा कॅल्क्युलेटर नीट चालवता येणं हा अभ्यासाचाच भाग आहे हे मला डिसेंबरमध्ये कळलं, फार उशिरा. तोपर्यंत मी स्टँडर्ड डेव्हिएशनला (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते मोजणारा आकडा) अख्खा तक्ता काढत बसायचे, सरासरी काढ, प्रत्येकातून वजा कर, वर्ग कर, बेरीज कर, पाच मिनिटं गेली. आता समजा 4, 6, 8, 10, 12 दिलेत. 4 दाबायचं, गुणिले, बरोबर, आले 16, लगेच एम प्लस, म्हणजे मेमरीत जमा. मग 6 चं तसंच, शेवटपर्यंत. मेमरी रिकॉल केली की 360 येतात. 360 भागिले 5 म्हणजे 72, त्यातून सरासरीचा वर्ग, 8 गुणिले 8 चे 64, वजा केले की राहिले 8, रूट दाबला की 2.83. चाळीस सेकंद, आणि कागदावर काही नाही. नंतर कळलं की अशा सारख्या अंतराने वाढणाऱ्या आकड्यांना तेवढंही लागत नाही, n (एकूण आकडे किती ते) चा वर्ग वजा 1, भागिले 12, त्याचा रूट, गुणिले अंतर. इथे 24 भागिले 12 म्हणजे 2, रूट 1.414, गुणिले 2, परत तेच 2.83. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर आलं त्या दिवशी मला खरंच खूप बरं वाटलं होतं. फक्त नवीन गणिताआधी मेमरी क्लिअर करायचीच, मी पहिल्या महिन्यात किती उत्तरं जुन्या मेमरीमुळे चुकवली त्याला गणती नाही.

आता वही. आमच्या सरांनी सांगितलेलं की बरोबर आलेलं गणित परत लिहू नकोस, चुकलेलंच लिही, आणि का चुकलं ते एका वाक्यात तुझ्या भाषेत लिही. मी नुसते फॉर्म्युले लिहायचे, तर सर म्हणाले, "अगं फॉर्म्युला पुस्तकात आहेच की, तुझ्या डोक्यात काय आलं होतं ते लिही." मग मी प्रत्येक चुकीखाली मराठीत लिहायला लागले, "मला वाटलं चेंडू परत पिशवीत टाकलाय", "मला वाटलं अॅट मोस्ट 2 म्हणजे 0 धरायचा नाही" असं. जानेवारीत बसून मोजलं तर 118 चुका होत्या, आणि त्यातल्या 51 प्रश्न नीट न वाचल्याच्या, 34 कन्सेप्टच्या आणि 33 आकडेमोडीच्या. मी तोपर्यंत घरी सगळ्यांना सांगत होते की माझं गणित कच्चं आहे. कच्चं होतं ते प्रश्नाचं इंग्लिश.

ही परीक्षा इंग्लिश किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही, त्यामुळे आपल्या पोरांनी हे मनावर घ्याच. दहावीच्या पुस्तकात आपण मध्यक, बहुलक, नमुना अवकाश, संभाव्यता शिकलेलो असतो, ते ज्ञान वाया जात नाही, फक्त शब्द जुळवावे लागतात. मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली. अॅट लीस्ट 2 म्हणजे किमान 2, म्हणजे 2 आणि वरचे सगळे. नॉट मोर दॅन 2 म्हणजे 2 आणि खालचे, शून्यासकट. ती यादी झाल्यावर महिन्याभरात वाचण्याच्या चुका निम्म्यावर आल्या.

कन्सेप्टच्या चुकांमध्ये सगळ्यात चिवट निघालं म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह आणि इंडिपेंडंट. मला हे दोन्ही एकच वाटायचं, "एकमेकांशी संबंध नाही". पण म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह म्हणजे एक घडलं की दुसरं घडूच शकत नाही, म्हणजे संबंध नाही कसला, सगळ्यात मोठा संबंध आहे तो! इंडिपेंडंट म्हणजे एक घडल्याने दुसऱ्याची संभाव्यता बदलत नाही. ए ची संभाव्यता 0.3 आणि बी ची 0.4 असेल तर पहिल्या प्रकारात दोघांपैकी किमान एक घडण्याची 0.7, आणि इंडिपेंडंट असतील तर दोन्ही एकदम घडण्याची 0.3 गुणिले 0.4, म्हणजे 0.12 वजा होऊन 0.58. हे सहा वेळा चुकलं, सहाही वेळा लिहिलं, सातव्यांदा पेपर बघतानाच हात थांबला.

सरासरी आणि मध्यक यातला फरक तर मला पप्पांनी समजावला असं म्हणावं लागेल. पप्पा भाजीचा टेम्पो घेऊन पुण्याला जातात. मी त्यांच्या पाच फेऱ्यांचा उशीर लिहून ठेवला, मिनिटांत 5, 7, 8, 10 आणि 60. सरासरी 18 आली. पप्पा म्हणाले, "अठरा कसले, मी आठ-दहा मिनिटंच लेट असतो, एकदा खंबाटकीत अडकलो म्हणून रोज अडकतो का?" मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, 8 आहे. एका टोकाच्या आकड्याने सरासरी ओढली जाते हे वाक्य मी चार वेळा पाठ केलेलं होतं, पण डोक्यात बसलं ते या फेऱ्यांमुळे.

आजीच्या डब्यातला फासा घेऊन पण मी एक केलं. चार वेळा फासा टाकला तर किमान एकदा 6 पडण्याची संभाव्यता किती, तर एकदाही न पडण्याची काढायची, 5/6 चा चौथा घात (वर्ग दोनदा), 0.482, आणि 1 मधून वजा, 0.518. चार-चारचे 100 डाव टाकले, त्यात 55 वेळा 6 आला. दोन फासे 24 वेळा टाकून किमान एकदा जोडीने 6-6 येण्याची मात्र 0.491, म्हणजे निम्म्याच्या खाली. जुगारात पडलेल्या अशाच प्रश्नांवरून 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांची पत्रापत्री झाली. "किमान एक" दिसलं की 1 मधून वजा हे आता मला सांगावं लागत नाही.

अॅपबद्दल. टायमर चांगला होता, 72 सेकंदांची सवय त्यानेच लागली. पण प्रश्न तेच तेच, फक्त आकडे बदललेले, आणि काही उत्तरं चक्क चुकीची. पिशवीत 4 लाल 6 पांढरे, एक काढून परत न टाकता दुसरा काढला, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता. 4/10 गुणिले 3/9 म्हणजे 2/15. अॅप म्हणत होतं 4/25, जे परत टाकल्यावर येतं. मी दोन आठवडे स्वतःलाच चूक समजत राहिले, माझा कॉन्फिडन्स पार गेला होता. शेवटी सरांना दाखवलं तेव्हा कळलं. कंपनीला मेल केला, उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी बंद केलं.

निगेटिव्ह मार्किंगबद्दल सगळे विचारतात, येत नसेल तर ठोकायचं का? मी याचं एक्सपेक्टेड व्हॅल्यूचं, म्हणजे सरासरी किती मार्क पडतील त्याचं गणितच केलं. चार पर्यायांत अंदाजाने ठोकलं तर 0.25 वजा (0.75 गुणिले 0.25), म्हणजे प्रश्नामागे 0.0625 मिळतात. फायदा आहे, पण 20 प्रश्न असे ठोकले तर सरासरी सव्वा मार्क आणि त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण 2.4, म्हणजे 3-4 मार्क वर पण जाऊ शकतात आणि वजा पण होऊ शकतात. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर 0.167 आणि दोन खोडता आले तर 0.375. म्हणून मी आता दोन खोडता आले तरच ठोकते. खोडायला स्टॅट्समध्ये सोप्या खुणा आहेत, कोरिलेशन (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात तो आकडा) 1 च्या वर असेल तर खोडा, दोन रिग्रेशन कोएफिशिएंटची (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढायचे आकडे) चिन्हं वेगळी असतील तर खोडा, बायनोमियलमध्ये (n प्रयत्नांत किती वेळा यश येईल त्याचं गणित) व्हेरियन्स, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, मीनपेक्षा म्हणजे सरासरीपेक्षा मोठा असेल तर खोडा. मीन 4 आणि व्हेरियन्स 3 असेल तर अपयशाची संभाव्यता q 3/4, यशाची p 1/4, n 16, हे तर तोंडी येतं.

एक वेगळंच सांगायचं राहिलं. पुसेगाव माझं आजोळ, आणि तिथून जवळच असलेल्या बुध गावात 1911 साली पां. वा. सुखात्मे जन्मले. सँपलिंगमध्ये (थोडे नमुने घेऊन सगळ्याचा अंदाज काढणं) त्यांचं नाव जगभर आहे, शेतातल्या थोड्या तुकड्यांची कापणी मोजून पिकाचा अंदाज कसा काढायचा यावर त्यांनी काम केलं, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत स्टॅटिस्टिक्सचं काम बघितलं, 1971 ला पद्मभूषण. सँपलिंगचा धडा मला रटाळ वाटायचा, हे कळल्यावर तोच धडा मी एका रविवारी मामांच्या ज्वारीच्या रानाकडे बघत वाचला आणि स्ट्रॅटिफाइड सँपलिंग म्हणजे काय ते पहिल्यांदा नीट समजलं, पाण्याजवळचं रान वेगळं धरायचं, माळाचं वेगळं.

मॉकमध्ये ऑक्टोबरला 40 पैकी 13 होते, जानेवारीत 21, गेल्या आठवड्यात 30. राहिलेल्या दहांतले सहा इंडेक्स नंबरचे, म्हणजे भाव जुन्या वर्षापेक्षा किती बदलले ते मोजणाऱ्या आकड्यांचे आहेत. लास्पेयर्सच्या फॉर्म्युल्याला जुन्या वर्षाची क्वांटिटी आणि पाशेच्या फॉर्म्युल्याला चालू वर्षाची, हे मी अजून उलटं करते, आणि फिशरचा फॉर्म्युला टाइम रिव्हर्सल आणि फॅक्टर रिव्हर्सल या टेस्ट पास होतो पण सर्क्युलर टेस्ट नाही, हे काल परत चुकलं. वहीत लिहिलंय, 163 नंबरची चूक.